एक तरी घ्या, व्याही

“जेवायच्या आधी खायचं, म्हणजे मग जेवायचं कशाला?” आमच्या ह्यांनी विचारलं. समोर परात, परातीत उकडलेली कच्ची केळी, आणि सालं काढून काढून ह्यांची बोटं चिकट झालेली.

“त्याला स्टार्टर म्हणतात,” मी म्हटलं. “जळगावला वन्संच्या सुलेखाच्या साखरपुड्यात खाल्लेत की तुम्ही. पनीरचे तुकडे, काडीला टोचलेले.”

“ते होय? मी काडी आधी दात कोरायला घेतली होती.”

“आज तसलं काही करू नका. मुलीकडचे आहोत आपण.”

या गोष्टीला आता बारा वर्षं होऊन गेली. एप्रिलमधला रविवार होता, आणि भुसावळचा एप्रिल म्हणजे काय ते इथं राहणाऱ्यालाच विचारावं. सकाळी आठलाच पत्रा चटके देत होता. आमच्या रेवतीचं लग्न फैजपूरच्या हर्षल झोपेशी ठरलं होतं. दोघं जळगावात एकाच बँकेत नोकरीला, त्यामुळं ठरवायचं काम त्यांनी केलं होतं आणि आम्ही माना हलवल्या होत्या. त्या दिवशी याद्यांची बैठक होती. मुलाकडचे घरी येणार, कागद घेऊन बसायचं, कुठला विधी कोणी करायचा, कोणाचा मान काय, ते सगळं लिहून काढायचं. एकदा यादी झाली की सोयरीक पक्की. तोवर मुलीच्या आईचा जीव टांगणीला.

वन्संनी सुचवलं होतं, “सिंधू, स्टार्टर ठेव गं. आजकाल बरं दिसतं.” आचाऱ्याला विचारलं, तर नुसत्या स्टार्टरचा त्यानं जो भाव सांगितला त्यात आमचा महिन्याचा किराणा आला असता. हे रेल्वेच्या शेडमधून फिटर म्हणून रिटायर झालेले. मी अंगणवाडी सेविका. मी आचाऱ्याला म्हटलं, बाबा, तुझं पनीर तुला लखलाभ, मी घरी करीन.

आणि का करू नये? ‘कमी खर्चात पौष्टिक’ यावर तर माझं पोट होतं. एकवीस वर्षं मी गावोगावच्या आयांना तेच शिकवत होते. महागाचं म्हणजे ताकदीचं नव्हे, बायांनो, तुमच्या परसातली भाजी बदामाला भारी आहे. सावद्याला माझ्या भावाचा केळीचा बाग. व्यापारी घडातली बारकी केळी घेत नाही, ती भावानं पोतंभर आणून टाकली. ती उकडून, कुस्करून, त्यात हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर आणि बांधायला मूठभर भाजलेलं बेसन. वरून तीळ लावून लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात खरपूस केलेल्या टिक्क्या. रताळ्याचे पातळ काप, भाजून, वर लिंबू आणि मिरपूड. पालकाच्या वाफवलेल्या वड्या. चहाच्या पेल्यांतून द्यायला टोमॅटोचं सार, आणि उन्हातून आलेल्यांना आल्या आल्या शहाळ्याचं पाणी. तळण नाही, मैदा नाही, रंग नाही. ओट्यावर सगळं मांडलं आणि माझं मलाच कौतुक वाटलं. मनात म्हटलं, खा म्हणावं पनीर.

तेवढ्यात रेवती आत आली. अंगावर मोरपंखी साडी, केसात गजरा. ओट्याकडं बघितलं आणि पोरीचा चेहरा पडला.

“आई, हे सगळं कशाला केलंस? नुसते पोहे कर ना. नाहीतर इडली.”

“पोहे मुलगी बघायला येतात तेव्हा. तुला बघून झालंय.”

“मी सिरीयसली सांगतेय. केळ्याचं नको. रताळं पण नको. आणि हे सार तर...” तिनं पातेलं उचललंच.

“ठेव ते खाली! साडीवर सांडेल.”

तिनं ठेवलं. मग माझ्याकडं वळून तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर आला नाही. माझं डोकं फिरलं.

“लाज वाटते का? बँकेत टेबल-खुर्ची मिळाली म्हणून आईच्या हातचं गावंढळ वाटायला लागलं?”

“लाज नाही गं...”

“मग काय?”

परातीत हात घातलेले हे एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होते. ती बाहेर गेली. मी चार टिक्क्या जास्तच थापल्या.

पाहुणे अकराच्या सुमारास आले. तिघंच. मुरलीधर झोपे, म्हणजे हर्षलचे वडील, शाळेत हेडक्लार्क होते. त्यांच्या पत्नी कुमुदताई, आणि हर्षल. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि या गृहस्थानं मनगटापर्यंत बटणं लावलेला फुल शर्ट घातला होता. चेहरा थोडा सुजलेला, काळवंडलेला. मला वाटलं, असतो एकेकाचा. शहाळ्याचा ग्लास पुढं केला तर म्हणाले, “पाणीच द्या.” पाणी दिलं, तर दोन घोट घेऊन तांब्या बाजूला. चव्वेचाळीस डिग्रीत दोन घोट! माझ्या मनात आलं, आमच्या घरचं पाणीही उतरत नाही का यांच्या घशाखाली?

कागद उघडला. हे लिहायला बसले, व्याही सांगायला. बोलणं मात्र फार गोड माणसाचं होतं. “हुंडा शब्द काढायचा नाही,” ते म्हणाले. “मानपानाची साडी एकच, तीही विहीणबाईंना आमच्याकडून.” माझा जीव भांड्यात पडला. अशा माणसाला चांगलं खाऊ घालायचं नाही तर कुणाला घालायचं?

मी ताटं घेऊन आले. हर्षलनं घेतलं, कुमुदताईंनी घेतलं. व्याह्यांनी “वा, वा” म्हटलं आणि ताट हळूच खुर्चीखाली सरकवलं.

“घ्या ना,” मी म्हटलं.

“मला नको, विहीणबाई. सकाळी खाऊन निघालोय.”

“त्यांना खरंच नको,” कुमुदताई म्हणाल्या.

“नंतर जेवतीलच ते, काकू,” हर्षल म्हणाला.

आता बघा, नको म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण कधी सोडतो का? पहिलं ‘नको’ हे भिडेचं, दुसरं रीतीचं, तिसऱ्याला आपण वाढायचं. हे तर शेंबडं पोरही सांगेल. त्यात माझा धंदाच नको म्हणणाऱ्याला भरवायचा. अंगणवाडीत तोंड घट्ट मिटून बसलेली किती पोरं मी बोलण्यात गुंतवून जेवायला लावली असतील. मी ताट खुर्चीखालून काढून पुन्हा हातात दिलं. तेवढ्यात रेवती आली आणि त्यांच्या हातातून ताट काढून घेतलं.

“मी ठेवते आत, काका.”

“ए, कुठं निघालीस?” मी म्हटलं. “दे इकडं.”

“आई, त्यांना नकोय ना.”

सगळ्यांसमोर! माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. आईच्या घरगुती ताटाची एवढी लाज, की सासऱ्याच्या हातातून काढून घ्यायची? मी तिच्या हातातून ताट ओढलंच. तरी चेहरा हसरा ठेवून मी तिसऱ्यांदा व्याह्यांसमोर उभी राहिले आणि चारचौघांत करतात तशी थट्टा केली.

“काय हो व्याही, डॉक्टरनं मनाई-बिनाई केलीय की काय? एखादं दुखणं लपवत असाल तर आत्ताच सांगून टाका. ह्यांना म्हणते, यादीत घ्या लिहून!”

हे खो खो हसले. मीही हसले.

व्याही हसले नाहीत. क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग एकदम मोठ्यानं हसले आणि माझ्या हातातलं ताट जवळजवळ हिसकावून घेतलं.

“दुखणं? मला? आणा इकडं. अहो, दगड पचवीन मी.”

आणि खाल्लं की त्यांनी. चार टिक्क्या, रताळ्याचे सगळे काप, पालकवड्या. साराचे दोन पेले. मघाशी परत केलेलं शहाळं आपणहून मागून घेतलं. कुमुदताईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो त्यांनी बाजूला केला. “फार सुरेख झालंय, विहीणबाई,” असं प्रत्येक घासाला म्हणत होते. मी अशी फुलले! ह्यांना म्हटलं, “बघा, नको नको म्हणणारेच चार घास जास्त खातात. एकवीस वर्षांचा अनुभव आहे.”

आत गेले तर रेवती मोरीच्या कठड्याला धरून पाठमोरी उभी.

“आई, त्यांना आता बास कर.”

“त्यांनी मागितलं म्हणून दिलं.”

“बास म्हणतेय ना मी!” ती किंचाळलीच.

“आवाज खाली!” मी दबक्या आवाजात दरडावलं. “बाहेर ऐकू जाईल. सासर पक्कं होतंय आणि हिला नखरे सुचतायत.”

ती वळली. डोळे भरलेले. पुन्हा तोंड उघडलं तिनं, अगदी ओठ हललेले मी पाहिले. मी म्हटलं, “आता काय आणखी?” आणि तिनं मान हलवली. काही नाही, काही नाही.

साडेबारा वाजत आले होते. यादी मामाच्या मानावर आली होती. व्याही हात धुवायला म्हणून उठले आणि तिथंच पुन्हा बसले.

“पायात जीवच नाही,” ते म्हणाले. आवाजात भीती नव्हती, नवलच होतं. पुन्हा उठायला गेले. पाय असे वाकले की ह्यांनी कागद टाकून त्यांना धरलं. अंग घामानं निथळत होतं. ओठ पांढरेफटक पडले होते. मग ते ह्यांच्या अंगावरच कलंडले.

मी ओरडले. हे ओरडले. कुमुदताई मात्र ओरडल्या नाहीत, आणि ते मला आजही जसंच्या तसं दिसतं. त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवली आणि हर्षलला एवढंच म्हणाल्या, “गाडी काढ.” हर्षल तोवर फोन कानाला लावून दारात पोचला होता. “कालची पाळी चुकलीय,” असं तो कुणाला तरी सांगत होता. कसली पाळी, कुठं चुकली, मला काही कळेना. ऊन लागलं, मी म्हणत होते, कांदा आणा, कांदा फोडून नाकाला लावा.

माझं कुणी ऐकलं नाही.

स्टेशनरोडवरच्या एका दवाखान्यात नेलं. आम्ही रिक्षानं मागोमाग पोचलो तोवर व्याह्यांना आत घेतलं होतं. दार अर्धं उघडं होतं. नर्सनं शर्टाची बाही कात्रीनं टरटर कापली. आतला हात मी पाहिला. कोपराच्या आतल्या बाजूला शीर अशी टरारून फुगलेली, अंगठ्याएवढी जाड, आणि तिच्यावर सुयांच्या खुणाच खुणा. मी पदर तोंडात धरला. हे काय आहे बाई?

तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आली. रेवतीच्याच वयाची असेल.

“डायलिसिसवर आहेत ना हे? शेवटचं कधी झालं?”

“बुधवारी,” कुमुदताई म्हणाल्या. “काल होतं. पण ते झालं की दुसऱ्या दिवशी उठवत नाही त्यांना. आज ही बैठक होती. उद्या करून घेऊ म्हणाले.”

किडनीवाल्यांना मशीनवर घालतात, एवढं मलाही माहीत होतं.

“पोटॅशियम भयंकर वाढलंय, ठोके मंदावलेत,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “आज खाण्यात काय आलं?”

हर्षल भिंतीकडं बघत होता. मीच पुढं झाले, कारण केलं तर मीच होतं ना. आणि मी सांगायला लागले, अंगणवाडीत आयांना सांगते तशी, एकेक पदार्थ.

“कच्च्या केळ्याच्या टिक्क्या. रताळ्याचे काप.”

तिनं माझ्याकडं पाहिलं.

“पालकाच्या वड्या. टोमॅटोचं सार, दोन पेले.” माझा आवाज बारीक होत गेला, का ते मला कळत नव्हतं. “आणि शहाळं. तळलेलं काही नव्हतं हो. सगळं पौष्टिक होतं.”

“पौष्टिक तुम्हाला, मावशी,” ती म्हणाली. “किडनी गेलेल्या माणसाला यातलं एकेक विषासारखं. मुद्दाम शोधून काढली असती तरी यापेक्षा वाईट यादी झाली नसती. कुणी खायला घातलं हे?”

“मी,” मी म्हटलं.

ती आत गेली. दार बंद झालं. मी तिथल्या बाकावर बसले नाही, पडलेच. एकवीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन कुणाचं पोटसुद्धा दुखलं नव्हतं. आणि आज एक माणूस माझ्या हातचं खाऊन आत मरत होता. हे माझ्या शेजारी येऊन बसले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. धक्का ओसरायला लागला की राग येतो, तसा मला आला. आणि माझा राग म्हणजे... आमच्या गल्लीत तो सगळ्यांना ठाऊक आहे. मी उठले आणि कुमुदताईंच्या समोर जाऊन उभी राहिले.

“किती दिवस चाललंय हे?”

“आठ महिने.”

“आठ महिने! आणि आपलं बोलणं सुरू होऊन झाले तीन. म्हणजे तुम्ही आमच्या दारात आलात तेव्हाच...”

“हो.”

“फसवलंत आम्हाला! घरात एवढं दुखणं आणि तोंडातून चकार शब्द नाही. माझ्या पोरीला काय दवाखान्याची चाकरी करायला नेणार होता? आणि मला खुनी करून ठेवलं असतं तुम्ही. ‘नको’ म्हणता आलं, ‘किडनी गेलीय’ एवढं म्हणता आलं नाही?”

“सिंधू, हळू,” हे म्हणाले.

“का हळू? मी काय लपवलंय?”

कुमुदताईंनी माझ्याकडं पाहिलं. डोळे कोरडे होते.

“ते खाणार नव्हते हो,” त्या म्हणाल्या. “आठ महिन्यांत एकदाही पथ्य मोडलं नाही त्यांनी. कितीही आग्रह झाला असता तरी खाल्लं नसतं. पण तुम्ही विचारलंत ना, डॉक्टरनं मनाई केलीय का, दुखणं लपवताय का. त्यांना वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलंय आणि तुम्ही सगळ्यांसमोर परीक्षा घेताय. नाही म्हटलं तर लग्न मोडतंय. म्हणून खाल्लं.”

“मी... मी थट्टा केली होती.”

“ते आम्हाला काय माहीत?”

माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण मी माघार घेणारी बाई नव्हे. चूक अंगाशी आली की माणूस दुप्पट चढतो, तशी मी चढले.

“ते काही असो. फसवणूक ती फसवणूक. व्याही बरे होवोत, देव त्यांना उदंड आयुष्य देवो. पण हे लग्न होणार नाही. रेवती, ऊठ. घरी चल.”

रेवती पलीकडच्या बाकावर बसली होती. मोरपंखी साडीचा पदर हातात पिळून पिळून दोरी झालेला. ती उठली नाही.

“मला माहीत होतं, आई.”

“काय माहीत होतं?”

“सगळं. आठ महिन्यांपासून. काकांना ॲडमिट केलं त्याच दिवशी हर्षलनं सांगितलं होतं. नाही म्हणायचं तर आत्ताच म्हण, असंही म्हणाला होता. मी नाही म्हटलं नाही.”

हे उठून उभे राहिले. मी मात्र ऐकूनही न ऐकल्यासारखी. ओट्यावरचं पातेलं उचलणारी रेवती, ताट काढून घेणारी रेवती, मोरीपाशी किंचाळणारी रेवती, सगळ्या एकदम माझ्या डोळ्यांसमोर आल्या. पोरीला माझ्या ताटाची लाज वाटत नव्हती. ती एक माणूस वाचवायला धडपडत होती आणि मी तिच्या हातातून ताट ओढून घेतलं होतं.

“फेगडेबाई कोण?” नर्सनं दारातून विचारलं. “पेशंट बोलावतायत. दोनच मिनिटं.”

मी आत गेले. मशीन सुरू होतं, त्या फुगलेल्या शिरेतून रक्त नळीत जात होतं आणि परत येत होतं. व्याह्यांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता शिव्या देतील, आणि दिल्या तर ऐकून घ्यायच्या.

“विहीणबाई,” ते म्हणाले, “केळ्याचं फार छान झालं होतं.”

मला हुंदकाच फुटला.

“खरं सांगतो. आमच्याकडं भाजीसुद्धा दोनदा उकळून पाणी टाकून देतात. चोथा खातो मी. आठ महिन्यांनी चवीचं खाल्लं. मरताना तोंडाला चव होती, असं म्हणत होतो मनात.”

“असं अभद्र बोलू नका हो.”

“लपवलं, हे चुकलं माझं. मुलाचं लग्न बघायची घाई झाली होती. लग्न लागलं की तुमच्या पायावर डोकं ठेवून सांगणार होतो. तुम्ही मोडा लग्न, मी चुकीचं म्हणणार नाही. फक्त पोरीला बोलू नका. तिला गप्प राहा म्हणून मी सांगितलं होतं.” ते दम घ्यायला थांबले. “पण मी नसतं सांगितलं तरी ती गप्पच बसणार होती, असं म्हणाली.”

“का?”

“ते तिलाच विचारा.”

मी बाहेर आले. कुमुदताई उभ्या होत्या. आता त्यांचे हात जोडलेले होते. मघाशी मी बोललेलं सगळं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी म्हटलं, “बुधवारची पाळी किती वाजता असते? तुम्ही एकट्या किती दिवस बसणार? मी येईन.”

त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या. एवढा वेळ दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

लग्न झालं. जेठात, ठरल्या तिथीला. व्याही साडेतीन वर्षं जगले, नातवाचं बारसं करून गेले. बुधवारी मी त्यांच्याजवळ बसायचे, दोघं मिळून गावभरच्या उखाळ्यापाखाळ्या काढायचो. मी भाज्या दोनदा उकळायला शिकले. त्यांनी मला त्या दिवसावरून एका शब्दानं कधी दुखवलं नाही, उलट लोकांत सांगायचे, माझ्या विहिणीनं मला एकदा पोटभर जेवू घातलं होतं. लोक हसायचे. मी हसायचे नाही.

पण त्या दिवसाचं जे माझ्या मनातून अजून जात नाही, ते व्याह्यांचं कलंडणं नव्हे. ते दवाखान्याच्या बाकावरचं आहे. संध्याकाळ होत आली होती. हे हर्षलबरोबर औषधं आणायला गेले होते. मी रेवतीशेजारी जाऊन बसले. चार गावच्या आया मला विश्वासानं काय काय सांगतात. नवरा मारतो ते सांगतात, दिवस गेलेत ते नवऱ्याच्या आधी मला सांगतात. फेगडेबाईंच्या पोटात राहतं, असं माझं नाव आहे.

“तो माणूस मेला असता, रेवा,” मी म्हटलं. “तुझ्या डोळ्यांसमोर. मला एक शब्द सांगायचास. बाजूला घेऊन, कानात. मी काय तुला खाल्लं असतं?”

“सांगणार होते,” ती म्हणाली. “दोनदा तोंड उघडलं मी.”

“मग?”

तिनं समोरच्या बंद दाराकडं बघितलं. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“तुझं तोंड बघितलं,” ती म्हणाली, “आणि मिटलं.”